साधा दिवस टिपायचा कसा? डॉक्युमेंटरी फोटोग्राफी समजून घेताना

१८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून खालच्या हमरस्त्याचा फोटो घेतला. दिवसाची वेळ होती, म्हणजे घोडागाड्या, पायी जाणारी माणसं, सगळी वर्दळ असणारच. पण फोटोत रस्ता जवळजवळ ओस दिसतो. त्या काळी प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. जे चालतंफिरतं होतं ते उमटायच्या आत पुढे निघून गेलं. एका कोपऱ्यात तेवढा एक माणूस दिसतो. त्याने एक पाय वर ठेवलाय आणि तो बूट पॉलिश करून घेतोय. पॉलिश करणाऱ्याची आकृतीही पुसटशी दिसते. माणूस दिसणारा सर्वांत जुना उपलब्ध फोटो म्हणून हे चित्र ओळखलं जातं, आणि ही दोघं त्यात आली ती थोडा वेळ एका जागी थांबली म्हणून.

या फोटोत कुणी राजा नाही, लढाई नाही, सोहळा नाही. एक जण बूट चमकवून घेतोय, दुसरा पोटापाण्याचं काम करतोय. रोजचं जगणं टिपणाऱ्यांपुढे आजही जे प्रश्न उभे राहतात ते या एका प्लेटवर आहेत. कॅमेऱ्याला जे दिसलं ते उरलं, बाकीचं शहर पुसलं गेलं. आणि जी दोन माणसं उरली त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

बातमीचा फोटो घटनेमागे धावतो. जाहिरातीचा फोटो वस्तू विकतो. स्ट्रीट फोटोग्राफी अनोळखी गर्दीतून चालता चालता एखादा नेमका क्षण उचलते. डॉक्युमेंटरी फोटोग्राफीचा या सगळ्यांशी घरोबा आहे, पण तिचा प्रश्न वेगळा आहे. ही माणसं जगतात कशी? सकाळी उठून काय करतात, कुठे बसतात, काय वापरतात, कशाला हसतात, कशाने थकतात? याचं उत्तर एका फोटोत मावत नाही. म्हणून हे काम बहुतेक वेळा मालिकेच्या रूपात होतं आणि महिनोन्‌महिने, कधी कधी तर वर्षानुवर्षं चालतं.

ऐकायला सोपं वाटतं. पूर आला, आग लागली की कॅमेरा कुठे रोखायचा ते सांगावं लागत नाही. पण एक बाई खिडकीशी बसून शिवणकाम करतेय, यात बटण दाबायचं कधी? शिवाय माणूस कॅमेरा पाहिला की बदलतो. केस सावरतो, पाठ ताठ करतो, हसू आणतो. जो साधेपणा टिपायचा होता तोच आपण समोर उभं राहिल्याबरोबर निघून जातो. या कलेतली बहुतेक खटपट या एका अडचणीभोवती आहे.

कॅमेऱ्याला काय दिसू शकतं

आधी यंत्राबद्दल बोलायला हवं, कारण कोणतं जगणं फोटोत येईल हे बराच काळ यंत्रच ठरवत होतं.

डेन्मार्कहून स्थलांतर करून आलेले जेकब रीस न्यूयॉर्कमध्ये गुन्हेगारीच्या बातम्या देत. रात्री-अपरात्री गरीब वस्त्यांत फिरताना, बिनखिडकीच्या एकेका खोलीत किती माणसं दाटीवाटीने झोपतात हे ते पाहत. लिहीतही होते, पण लोकांना पटत नव्हतं आणि अंधारात फोटो घेता येत नव्हता. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची भक्कन पेटणारी पूड तयार झाली आणि रीस यांनी ती उचलली. तव्यासारख्या भांड्यात पूड ठेवायची, काडी लावायची, आणि त्या क्षणभराच्या लखलखाटात फोटो घ्यायचा. १८९० मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि न्यूयॉर्कमधल्या घरांच्या सुधारणांना त्याने मोठा जोर मिळाला.

त्यांच्या रात्रीच्या फोटोंतले चेहरे मात्र नीट पाहा. काहींचे डोळे दिपलेले, काही झोपेतून दचकून उठलेले. विचारून आत जाणं ही रीस यांची पद्धत नव्हती. खोली कशी आहे हे त्या फोटोंतून स्वच्छ कळतं, पण त्या खोलीतली रोजची रात्र कशी असे ते कळत नाही, कारण ती रात्र त्या भडक्याने मोडली होती. उजेड पाडण्याची ही किंमत पुढच्या प्रत्येक छायाचित्रकाराला मनात धरावी लागली.

यंत्र आणखी एका प्रकारे चकवतं. पॅरिसमधले श्रीमंत बँकर आल्बेर कान यांनी १९०९ ते १९३१ या काळात जगभर छायाचित्रकार पाठवले. लोकांचे पोशाख, घरं, बाजार, कामधंदे नाहीसे व्हायच्या आत रंगीत फोटोंत जपून ठेवायचे, अशी त्यांची धडपड होती. सुमारे ५० देशांतून ७२,००० रंगीत काचा जमा झाल्या. या काचांना ऑटोक्रोम म्हणत, आणि त्यांचं तंत्र मोठं विलक्षण होतं. बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण नारिंगी-तांबड्या, हिरव्या आणि निळ्या-जांभळ्या रंगात रंगवून काचेवर पसरायचे. प्रत्येक कण एकेका रंगाची गाळणी. त्यामागे नेहमीचा कृष्णधवल थर. काच उजेडासमोर धरली की ठिपक्याठिपक्यांतून प्रकाश येतो आणि आपला डोळा ते ठिपके मिसळून रंगीत चित्र पाहतो.

पण ती रंगीत गाळणी बराचसा प्रकाश अडवून धरी. लख्ख उन्हातसुद्धा माणसाला क्षणभर खांबासारखं स्तब्ध राहावं लागे. त्यामुळे कान यांच्या संग्रहातली माणसं काम करतानाही थांबलेली दिसतात. आज ते पाहून वाटतं, काय गंभीर लोक होते तेव्हाचे! तीही माणसं आपल्यासारखीच हसत-खिदळत असणार. संथ होती ती काच. जुना फोटो पाहताना मी हे स्वतःला दर वेळी बजावते: हा स्वभाव माणसाचा आहे की यंत्राचा?

१९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून तो घडवला होता. कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा, एका रोलवर ३६ फोटो, तिपाईची गरज नाही. आता चालणारं, पळणारं, वळून पाहणारं माणूसही पकडता येऊ लागलं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारख्यांनी याच कॅमेऱ्याने पाहण्याची नवी रीत घडवली. सोबत एक नवा मोहही आला. १९३७-३८ मध्ये इंग्लंडमधल्या बोल्टन या गिरणगावाचं जगणं टिपताना हम्फ्री स्पेंडर लायका कोटाखाली लपवून फिरत. पबमध्ये, रस्त्यात, कपडे वाळत घातलेल्या गल्ल्यांत त्यांना न बदललेली माणसं मिळाली. पण ती माणसं न बदललेली होती, कारण त्यांना विचारलंच नव्हतं.

फोटो आपण होऊन बोलत नाही

एक चित्र हजार शब्दांचं काम करतं, असं आपण सहज म्हणतो. या क्षेत्रात मला ते फारसं पटत नाही. फोटो काय होतं ते दाखवतो. कोण, कुठे, कधी, का, हे त्याला सांगता येत नाही. फोटोखालची ओळ ते सांगते, आणि ती ओळ चुकली तर खरा फोटोही खोटी साक्ष देतो.

लुईस हाइन यांना हे पुरतं उमगलं होतं. ते मूळचे शिक्षक. १९०८ पासून अमेरिकेतल्या बालकामगारविरोधी राष्ट्रीय समितीसाठी ते गिरण्या, खाणी, काचकारखाने हिंडू लागले. मालक आत येऊ देत नसत, म्हणून कधी विमा विकणारे, कधी बायबल विकणारे बनून ते शिरत. मुलांचं वय कुणी खरं सांगत नसे. हाइन यांनी आपल्या कोटाच्या गुंड्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते मोजून ठेवलं होतं. मूल शेजारी उभं राहिलं की कितव्या गुंडीपर्यंत पोचतं ते पाहायचं आणि खिशात हात घालून, खाली न बघता, कागदावर टिपून घ्यायचं.

नोव्हेंबर १९०८ मधला त्यांचा एक फोटो सूतगिरणीतला आहे. डाव्या-उजव्या हाताला यंत्रांच्या लांबच लांब रांगा आणि मध्ये एक लहानगी. नुसता फोटो पाहिला तर मुलगी गिरणी बघायला आली असेल असंही कुणी म्हणू शकेल. हाइन यांनी खाली लिहिलंय की तिची उंची ४८ इंच आहे आणि ती सहा महिने इथे काम करतेय. गिरणीचं नाव आणि तारीखही दिलीय. एवढ्या ओळीने त्या फोटोचं पुराव्यात रूपांतर होतं. मालकाला आता तोंड फिरवता येत नाही. बालमजुरीवर देशव्यापी बंधन आणणारा आणि टिकून राहिलेला कायदा अमेरिकेत १९३८ मध्ये झाला, आणि ते जनमत घडवण्यात अशा हजारो फोटोंचा व त्यांच्या खालच्या ओळींचा मोठा वाटा होता.

आता उलटं उदाहरण. मार्च १९३६. मंदीचा काळ. कॅलिफोर्नियात निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत डोरोथिया लँग यांनी एका आईचे मोजके फोटो घेतले. त्यातला एक जगप्रसिद्ध आहे: गालाला हात लावून दूर पाहणारी स्त्री आणि तिच्या खांद्यांत तोंड खुपसलेली दोन मुलं. लँग यांनी पुढे स्वतःच लिहिलं की आपण तिचं नाव किंवा तिची हकीकत विचारली नव्हती. फोटो वर्तमानपत्रात आला, छावणीला अन्नधान्य पोचलं, पण तोवर हे कुटुंब पुढच्या गावाला निघून गेलं होतं. चाळीसहून अधिक वर्षं ती फक्त ‘स्थलांतरित आई’ होती. १९७८ मध्ये तिचं नाव जगाला कळलं: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. आपला फोटो घेतलाच गेला नसता तर बरं झालं असतं, त्यातून आपल्याला काहीच मिळालं नाही, असं तिचं म्हणणं होतं. गाडीची चाकं विकून कुटुंबाने अन्न घेतलं होतं, हा फोटोसोबत सांगितला जाणारा तपशीलही घरच्यांनी नाकारला.

तरी तो फोटो मला मोठाच वाटतो. त्या काळातल्या लाखोंचं दुःख त्याने जगापुढे ठेवलं, आणि लँग यांच्या करुणेबद्दल मला शंका नाही. पण ज्या बाईचा चेहरा साऱ्या जगाने वापरला तिला स्वतःबद्दल एक वाक्य बोलायला बेचाळीस वर्षं थांबावं लागलं, ही गोष्ट मला सुटत नाही. नाव विचारायला अर्धा मिनिट लागतो.

मुक्काम

कॅमेरा पाहून बदललेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा कधी होतो? तर आपण तिथे आहोत याचा त्याला कंटाळा येतो तेव्हा. दुसरी युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही.

१९४८ मध्ये युजीन स्मिथ यांनी कोलोरॅडोतल्या क्रेमलिंग या छोट्या गावातल्या डॉक्टरवर फोटो-कथा केली. ते तिथे २३ दिवस राहिले. सुरुवातीला कॅमेऱ्यात रोल न घालताच ते फोटो घेत असत, असं सांगितलं जातं. डॉक्टर अर्नेस्ट सिरियानी यांना शटरच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून. त्या मालिकेतला एक फोटो आठवतो. रात्री दोनपर्यंत चाललेल्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उभे आहेत, टेकून. हातात कॉफीचा कप, अंगात अजून शस्त्रक्रियेचे कपडे, नजर कुठेच नाही. पहिल्या दिवशी आलेल्या परक्या माणसापुढे कुणी असं उभं राहत नाही.

१९४२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये गॉर्डन पार्क्स यांनी सरकारी इमारतीत सफाईचं काम करणाऱ्या एला वॉटसन यांचा फोटो घेतला. मागे अमेरिकेचा भलामोठा झेंडा, एका हातात झाडू, शेजारी फरशी पुसायचा मॉप. आज सगळे हाच फोटो ओळखतात. तो जाणूनबुजून मांडलेला होता, एक आरोपच होता. त्यांचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांनी तो पाहिला आणि पार्क्सना सांगितलं की या बाईंसोबत आणखी काम कर. मग पार्क्स त्यांच्या घरी गेले, प्रार्थनेच्या ठिकाणी गेले, नातवंडांसोबत त्यांना पाहिलं. त्या पुढच्या फोटोंत वॉटसन यांच्यावर कुठलंही प्रतीक लादलेलं नाही. घराच्या दारातून आत पाहिल्यावर दिसणाऱ्या त्या आजी आहेत. झेंड्याचा फोटो थरारून सोडतो, पण त्या घरातले फोटो पाहिल्यावर त्यांची ओळख झाल्यासारखं वाटतं. दोन्ही लागतातच. माझं मन दुसऱ्याकडे जास्त ओढतं.

आणि झोफिया रिडेट. या पोलिश बाईंविषयी मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण त्यांचं नाव या विषयावरच्या गप्पांत फार कमी येतं.

१९७८ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी ठरवलं की आपल्या देशातल्या खेड्यापाड्यांतली घरं आतून टिपायची. बसने जायचं, गावात उतरायचं आणि दार ठोठावायचं. मग घरातल्या माणसाला भिंतीशी, आपल्या नेहमीच्या जागी बसवायचं, सरळ भिंगात बघायला सांगायचं. वाइड अँगल लेन्स आणि फ्लॅश, म्हणजे कोपरान्‌कोपरा सारखाच स्पष्ट. फोटो घेतला की पुढचं घर. हे त्यांनी १९९० पर्यंत चालू ठेवलं. हजारो फोटो झाले. या कामाला त्यांनी नाव दिलं होतं ‘समाजशास्त्रीय नोंद’.

हे फोटो एकेक करून पाहिले तर साधे वाटतात. शेजारी शेजारी ठेवा, मग ते उलगडू लागतात. मध्ये माणूस, गुडघ्यांवर जड हात. मागच्या भिंतीवर येशू, मेरी, लग्नातलं जुनं चित्र. पलंगावर उशांची उतरंड. मग हळूहळू एखाद्या घरात पोलंडहून निवडून गेलेल्या पोपचं चित्र दिसू लागतं, एखाद्या घरात देवाच्या चित्रांखाली टीव्ही येऊन बसतो, एखाद्या पोराच्या खोलीत भिंतभर पोस्टर. कुणी काही सांगत नाही, पण एका देशाचं घर बदलताना दिसतं. रिडेट यांची पद्धत कायम तीच राहिली म्हणूनच हा बदल दिसला. त्या प्रत्येक घरात नवी कलाकुसर करत बसल्या असत्या तर आपल्याला त्यांची कला दिसली असती आणि घरं हरवली असती.

इथे एक गैरसमजही दूर होतो. डॉक्युमेंटरी फोटो म्हणजे नकळत काढलेलाच फोटो, असं पुष्कळांना वाटतं. रिडेट यांचा प्रत्येक फोटो सांगून, बसवून काढलेला आहे. त्या लपवत नाहीत, आणि बसलेली माणसंही लपवत नाहीत. माणूस कसा बसतो, कॅमेऱ्याकडे कसा बघतो, हीसुद्धा त्याच्याबद्दलची माहितीच आहे.

मुक्कामाचा आणखी एक प्रकार म्हणजे परत येणं. अमेरिकेतल्या बफेलो शहरात मिल्टन रोगोविन डोळे तपासून चष्मे देण्याचा व्यवसाय करत. १९५० च्या दशकात राजकीय विचारांवरून त्यांची चौकशी झाली, व्यवसाय बसला, आणि मग त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १९७२ पासून शहराच्या लोअर वेस्ट साइड या गरीब भागातल्या लोकांना ते त्यांच्याच दारात, त्यांच्याच घरात टिपू लागले. विचारून. आणि फोटो तयार झाला की त्याची प्रत नेऊन देऊन. १९८० च्या दशकात ते त्याच माणसांना शोधत परत गेले. १९९० च्या दशकात पुन्हा. २००० नंतर, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, पुन्हा. दहा-दहा वर्षांच्या अंतराचे चार फोटो एका ओळीत लावले की कडेवरचं बाळ बाप झालेलं दिसतं, एखाद्या ओळीत पुढच्या फोटोत कुणीतरी नसतं. पूर्वी नेऊन दिलेला फोटो अनेक घरांत जपलेला होता. दार दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उघडलं जातं ते अशा गोष्टींमुळे.

काय वगळलं

शटर दाबण्यापेक्षा मोठं काम नंतर असतं, निवडीचं. रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५-५६ मध्ये गाडीने अमेरिका पालथी घातली आणि सुमारे २८,००० फोटो घेतले. पुस्तकात घेतले ८३. म्हणजे साधारण तीनशे-साडेतीनशे फोटोंमागे एक. उरलेल्यांतून दुसऱ्या कुणी वेगळे ८३ निवडले असते तर वेगळाच देश दिसला असता.

निवड करणारा कोण, यालाही महत्त्व आहे. लँग आणि पार्क्स ज्या सरकारी प्रकल्पात होते तो १९३५ ते १९४४ चालला. छायाचित्रकारांनी काय पाहावं याच्या लांबलचक याद्या स्ट्रायकर पाठवत. संध्याकाळी घरी लोक काय करतात, भिंतींवर काय लावतात, असे बारीकसारीक प्रश्न त्यात असत. आजही एखाद्या नवशिक्याने त्या वाचाव्यात, इतकी त्यांची नजर चौकस होती. याच स्ट्रायकर यांनी नापसंत निगेटिव्हांना पंच मारून भोकं पाडली. त्या निगेटिव्ह अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. कुठे शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर, कुठे आभाळात एक काळा गोल. काय वगळलं जातं हे इतकं उघड एरवी दिसत नाही.

निवडीतून केवढा मोठा विचार मांडता येतो आणि तो कसा घसरूही शकतो, हे १९५५ च्या एका प्रदर्शनात दिसलं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एडवर्ड स्टायकेन यांनी ६८ देशांतल्या २७३ छायाचित्रकारांचे ५०३ फोटो मांडले. जन्म, खेळ, प्रेम, काम, जेवण, मरण. माणूस इथूनतिथून सारखाच, हे त्याचं सांगणं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, अणुबाँबची भीती डोक्यावर. प्रदर्शन जगभर फिरलं, नव्वद लाखांहून अधिक लोकांनी पाहिलं, आणि आज ते लक्झेंबर्गमध्ये क्लेर्व्हो इथल्या किल्ल्यात कायमचं मांडलेलं आहे. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी मात्र त्याच्यावर नेमका आक्षेप घेतला. जन्म-मरण सगळ्यांना आहे हे खरं, पण कोण कुठे जन्मतो, किती हालात जगतो आणि कशाने मरतो, हे सारखं नाही, आणि त्याला इतिहास जबाबदार आहे. काम करणारे हात सगळीकडे सुंदर दिसतात, पण त्या कामाचा मोबदला कुणाला मिळतो ते फोटोत येत नाही. मला बार्थ यांचा मुद्दा मान्य आहे. तरीही युद्धातून उठलेल्या जगाला परक्या देशातली आई ओळखीची वाटावी, ही स्टायकेन यांची तळमळ मला खोटी म्हणवत नाही.

या पेचातून वाट काढण्याचा एक मार्ग म्हणजे एकच साधा प्रश्न सगळीकडे विचारणं. पीटर मेन्झेल यांच्या १९९४ च्या प्रकल्पात ३० देशांतल्या ३० कुटुंबांनी आपलं सगळं सामान घराबाहेर मांडून त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. अॅना रोस्लिंग रोनलुंड यांनी ‘डॉलर स्ट्रीट’मध्ये त्याहून पुढचं पाऊल टाकलं. जगभरातल्या शेकडो घरांत जाऊन तीच तीच गोष्ट टिपायची: दात घासायचा ब्रश, चूल, पलंग, दरवाजा, मुलांचं आवडतं खेळणं. आणि मग ही घरं देशानुसार नव्हे, तर मिळकतीनुसार एका रस्त्यावर मांडायची. असं मांडल्यावर वेगवेगळ्या खंडांतल्या सारख्या मिळकतीच्या घरांच्या चुली चक्क बहिणी-बहिणी वाटतात. एवढी मोठी गोष्ट दात घासायच्या ब्रशच्या फोटोंतून कळू शकते, याचं मला अजून नवल वाटतं.

कॅमेरा कुणाच्या हातात

बराच काळ फिरणारे एकीकडचे आणि टिपले जाणारे दुसरीकडचे, अशी वाटणी होती. परका माणूस जे वेगळं वाटतं ते टिपतो. त्याला वेगळं वाटतं ते तिथल्या माणसाला रोजचं असतं, आणि तिथल्या माणसाला जे जिव्हाळ्याचं ते परक्याच्या नजरेत भरतच नाही.

ढाक्यात शहिदुल आलम यांनी १९८९ मध्ये ‘दृक’ ही छायाचित्रसंस्था सुरू केली आणि १९९८ मध्ये ‘पाठशाला’ हे छायाचित्रणाचं विद्यालय. ज्या देशांना ‘तिसरं जग’ म्हणतात तिथे जगातली बहुसंख्य माणसं राहतात, तेव्हा त्याला ‘मेजॉरिटी वर्ल्ड’ म्हणा, असा त्यांचा आग्रह. २०१२ मध्ये पीटर डिकॅम्पो आणि ऑस्टिन मेरिल हे दोघं आयव्हरी कोस्टमध्ये संघर्षानंतरच्या परिस्थितीवर काम करत होते. हवे असलेले दुःखाचे फोटो मिळत होते, पण भोवती तर माणसं लिफ्टमध्ये चढत होती, पोरं खेळत होती, कुणी नटूनथटून निघालं होतं. ते सगळं त्यांनी फोनवर टिपायला घेतलं. त्यातून ‘एव्हरीडे आफ्रिका’ उभं राहिलं, त्या खंडातले छायाचित्रकार त्यात आले आणि तसेच उपक्रम इतर प्रदेशांतही निघाले. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रहही याच जातीचा. तिथे फोटोतल्या माणसाचं नाव आणि त्याचं म्हणणं बहुधा सोबत असतं.

एक पाऊल आणखी पुढे टाकलं कॅरोलीन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी. १९९० च्या दशकात चीनमधल्या युन्नान प्रांतातल्या खेड्यांतल्या स्त्रियांच्या हातात त्यांनी कॅमेरेच दिले आणि म्हटलं, तुमचं जगणं तुम्हीच दाखवा. या पद्धतीला ‘फोटोव्हॉइस’ म्हणतात. आरोग्य आणि समाजकार्याच्या क्षेत्रात ती आता जगभर वापरली जाते.

आतल्या माणसाचाच फोटो खरा आणि बाहेरच्याचा खोटा, असं मात्र मी म्हणणार नाही. बाहेरून आलेल्याला कधी कधी ते दिसतं जे आतल्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. अमेरिका पालथी घालणारे रॉबर्ट फ्रँक हे स्वित्झर्लंडहून आलेले होते.

खरं म्हणजे कितपत खरं

मांडून घेतलेला फोटो खोटा नसतो, तो न मांडलेला म्हणून सांगितला तर खोटा ठरतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर गिझाचे दोन पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकावर जवळ सरकवले गेले. बदल किरकोळ होता, वाद मोठा झाला. वाचकाने पाहिलेलं दृश्य कुणालाही तिथे उभं राहून दिसलं नसतं.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला एक वाक्य टाइप करून दिलं की कधी न जगलेल्या आजीचा, कधी न बांधलेल्या स्वयंपाकघरातला फोटो समोर येतो. सुरकुत्या अचूक, खिडकीतला उजेड अचूक. निव्वळ चित्र पाहून ओळखणं दिवसेंदिवस कठीण होतंय. त्यामुळे फोटो कुठून आला, कुणी घेतला, मूळ फाइल आहे का, याला पूर्वी नव्हतं इतकं वजन आलंय. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’सारख्या स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांतल्या छायाचित्रकारांकडून मूळ फाइली मागवून तपासतात. हाइन खिशात जे टिपून घेत होते त्याची गरज शंभर वर्षांनी पुन्हा तितकीच भासतेय. त्या आजीच्या फोटोखाली नाव लिहिता येणार नाही, कारण तिला नाव नाहीच.

स्वतःच्या फोनमधल्या हजारो फोटोंचं काय करायचं, असं मला लोक विचारतात. त्यात बहुतेक सण, सहली, वाढदिवस असतात. सगळे सजलेले, सगळे हसणारे. ज्या टेबलावर रोज बसता ते, दारामागचं खुंट्यांवरचं ओझं, आई चष्मा कपाळावर ढकलून काहीतरी शोधतेय तो क्षण, हे त्यात जवळजवळ नसतं. ते घ्या. आईला विचारून घ्या. एक जागा ठरवून दर वर्षी तिथूनच घ्या. मग फोनच्या माहितीच्या रकान्यात चार गोष्टी लिहून ठेवा: तारीख, जागा, माणसाचं पूर्ण नाव आणि ते माणूस तेव्हा काय करत होतं. चौकटीबाहेर कोण उभं होतं तेही लिहिता आलं तर लिहा.